न झालेलं बरं

प्राध्यापकांना कॉलेजात पाठीमागे सगळे रडतराऊत म्हणत, पण त्यात तथ्य नव्हतं. ते कधीच रडत नसत. जगण्यात दुःखाचंच पारडं जड, तेव्हा जन्माला न येणंच बरं, हे ते आयुष्यभर शांतपणे शिकवत आले आणि तास संपला की घरी येऊन पोटभर जेवून ढाराढूर झोपत आले. जेवतानाही विषय तोच. बायको म्हणे, "गरम आहे तोवर खा, मग बुडवा जग."

एका रविवारी लेक-जावई आले. जेवण झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आम्हाला मूल नको, असं ठरवलंय. तुम्ही लहानपणापासून सांगता, तेच पटलं."

जावई चमच्याशी चाळा करत राहिला. प्राध्यापक "बरं" म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. वर्गात बोलता बोलता वाक्य अर्धंच राही. घरात बसवेना, बाहेर करमेना.

"तिला सांगा ना, ते सगळं पुस्तकातलं होतं," बायको म्हणाली.

"खोटं कसं सांगू? मला ते अजून पटतं."

"मग येरझाऱ्या कशाला घालताय?"

त्यांनी चपला घातल्या आणि तडक लेकीचं घर गाठलं. ती स्टुलावर चढून पडदा लावत होती. त्यांनी स्टूल धरलं.

"माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "पण तू पोटात होतीस तेव्हाही ते हेच होतं. माझं एकट्याचं चाललं असतं तर तू झालीच नसतीस."

"मग?"

"मग तू झालीस. आणि ते चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, मला कळत नाही. म्हणून माझ्या भरवशावर काही ठरवू नकोस."

ती खाली उतरली. "म्हणजे तुम्हाला नातवंड हवंय?"

"तेही सांगता येत नाही."

तिने पडद्याची चुणी सारखी केली. "माझा विचार बदलला असं समजू नका," ती म्हणाली. "पण आता माझं मी बघते."

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाली?"

"बघते म्हणाली."

"मग आता तरी बसा."

ते बसले. मग उठून फोन चार्जिंगला लावला, आवाज मोठा केला, आणि खिडकीशी जाऊन पुन्हा परत आले.