येळवस चुकवणारा लॅपटॉप

मीच बोलतोय हो, इकडंतिकडं काय बघता? शुक्रवार पेठेत ईश्वरप्पांचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान आहे ना, तिथं गल्ल्यावर बरणीशेजारी बसलेला, कडेला चिकटपट्टी लावलेला काळा लॅपटॉप, तोच मी. हात लावायचा तर बोटं पुसून लावा. निम्म्या बटणांत आधीच चटणी जाऊन बसलीय.

शिक्षण म्हणाल तर इंजिनिअरिंग. दुसऱ्या वर्षापर्यंत. पुढचं पुढं सांगतो, हसायची घाई करू नका.

माझा जन्म कुठल्या देशातला, ते पोटाखालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. ती चिठ्ठी घासून गेली, त्यामुळं आता मी सोलापूरचाच. पहिली नोकरी मात्र पुण्याला, एका मोठ्या कचेरीत. माझे साहेब दिवसभर क्रिकेट बघायचे आणि त्यांचे मोठे साहेब आले की पटकन आकड्यांचा तक्ता उघडून कपाळाला आठ्या घालायचे. त्यांच्याकडून मी माझी पहिली कला शिकलो, काम चाललंय असं दाखवायची. तेव्हापासून माझ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरतं, बघितलंय ना? तुम्ही बिचारे श्वास रोखून बसता. आत काही चालू नसतं हो!

म्हातारा झालो तसं कचेरीनं मला पोत्यात भरून विकलं आणि मी गुफरानभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो. त्यांनी मला उघडलं, फुंकर मारली, एकाची बॅटरी घातली, दुसऱ्याचा कीबोर्ड बसवला, तिसऱ्याचं झाकण लावलं. अशी माझी मुंज झाली. तेवढ्यात कपाळाला विभूती लावलेले ईश्वरप्पा आले. पोरगी काव्या इंजिनिअरिंगला लागली होती.

"कोडिंग-बिडिंग करंल का ह्यो?" अप्पांनी मला म्हशीसारखं चारी बाजूंनी न्याहाळलं. दात तेवढे बघायचे राहिले.

"अप्पा, चीता है चीता! कायकू टेन्शन लेते?"

"चित्ता नको बाबा. गाय दे. गरीब पायजे, लाथा न मारणारी."

मी गरीब गायीसारखा गप्प बसलो. घरी गेल्या गेल्या पहिली लाथ मारली. काव्याची आई चंद्रव्वा हळदकुंकू लावायला वाकली आणि मी पंखा असा काही घरघरवला, की अव्वा "अय्यो!" करून कुंकवासकट मागं सरकली. अजून माझ्या झाकणावर तो लाल डाग आहे.

मग मी आणि काव्या कॉलेजात गेलो. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी एम-थ्री आला. एम-थ्री म्हणजे तिसरं गणित. त्याचं नाव काढलं की भलीभली पोरं पाणी मागतात. सर फळ्यावर लाटा काढायचे, लाटेवर लाट, त्या लाटेवर आणखी लाट. काव्या मागच्या बाकावर माझ्या आडून सरांच्या मिशा काढायची. परीक्षेआधी तिनं उत्तरं पाठ केली. प्रश्नपत्रिका जरा वेगळी आली आणि सगळा ऐवज डोक्यातून उतरला. आणखी दोन विषय सोबतीला गेले. वर्ष गेलं. पोरं त्याला वायडी म्हणतात, इयर डाऊन. मीही तिच्याबरोबर डाऊन झालो. म्हणून म्हटलं, निम्मा शिकलेला.

काव्या घरी बसली. घरी म्हणजे दुकानात. सकाळी भाकऱ्या मोजून द्यायच्या आणि दुपारी गिऱ्हाईक पांगलं की माझ्यावर व्हिडिओ लावून कोडिंग शिकायचं. आणि काय सांगू, पोरगी शिकली की! कॉलेजात जांभया देणारी काव्या आता जेवायला हाक मारली तरी उठेना. माझी बटणं अशी वाजायची की शेजारचा शिंपी विचारायचा, "अप्पा, नवं मशीन घेतलं का?"

मग दुकानात रोज खटका उडायला लागला. अप्पांचं एकच पालुपद होतं, "कॉलेजात परत जा. डिग्री पायजे. उद्या लोकं काय पुसतील?" माझी तब्येत बघायच्या निमित्तानं चटणी चाटायला येणारे गुफरानभाई उलट्या बाजूचे. "बेटा, मैं कौनसे कॉलेजकू गया था? खोलके देखा, सीख गया. नक्को जा!" आणि अव्वा दोघांच्या मधून म्हणायची, "आदी जेव. मग काय करायचं ते कर."

काव्याला गुफरानभाईंचं पटत होतं. पण अप्पांचा उतरलेला चेहरा दिसला की तिची बटणं थांबायची. जानेवारीअखेर कॉलेजात मागच्या विषयांच्या परीक्षेला नाव घालायचं होतं. नाही घातलं तर कॉलेज संपलं, कायमचं.

तोवर काहीतरी करून दाखवावं म्हणून तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. दुकानाची गेल्या वर्षाची रोजची विक्री माझ्या पोटात भरली आणि मी आधीच सांगायचं, अमुक दिवशी इतक्या भाकऱ्या लागतील. नाव ठेवलं भाकणूक. आमच्या गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वरापुढं वासरू आणतात, धान्य-गूळ-गाजर मांडतात, आणि ते कशाला तोंड लावतं त्यावरून वर्षाचा अंदाज सांगतात. ती भाकणूक. म्हणजे मी वासरू झालो. ह्या वयात!

अप्पांनी आधी नाक मुरडलं. "देवाचं वासरू कुटं, आन हे चिकटपट्टीचं वासरू कुटं!" पण तीन आठवडे माझा अंदाज बरोबर निघाला आणि अप्पा असे पाघळले, की सकाळी सिद्धेश्वराच्या फोटोला उदबत्ती ओवाळून झाली की तीच माझ्याही नाकाशी धरायला लागले. माझा पंखा शिंकायचा.

आणि मग आली येळवस. वेळा अमावस्या, आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी अर्धं सोलापूर शेतात जेवायला जातं. भज्जी, आंबील, उंडे, आणि बांधून न्यायला कडक भाकरी. शेत नसलेला माणूस दुसऱ्याच्या शेतात जातो, पण जातो. आमच्या दुकानाचा तो दिवाळीपेक्षा मोठा दिवस.

आदल्या आठवड्यात अव्वा करकंबला माहेरी गेली होती, भावाच्या घरी बारसं होतं. दुकानात उरली दोघं. अप्पांना वाटलं, यंत्राला येळवस ठाऊक असणारच. काव्याला वाटलं, काही राहिलं असलं तर अप्पा सांगतीलच. मला कुणी विचारलंच नाही! गेल्या वर्षी येळवस महिनाअखेरीला आली होती, मी तीच तारीख धरून बसलो होतो. यंदा ती चांगली दीड आठवडा आधी आली. माझ्या हिशेबानं तो साधा शुक्रवार होता.

सकाळी शटर वर गेलं तर समोर ही गर्दी! फडताळात भाकऱ्यांची एवढीशी चवड. ती पहिल्या पाच बायकांनीच उचलली.

"अप्पा, भाकरी संपली म्हंजे? येळवसंला?" धोंडीराम पैलवान ओरडला. "आता शेतात काय बिस्कीट खाऊ व्हय?"

"कालच सांगायचं न्हाई का!" मागून कुणी बाई. "पोरंसोरं रिक्षात बसल्यात माझी."

नेमकी तेव्हाच अव्वा करकंबहून रिक्षातून उतरली. गर्दी बघून आधी खूश झाली, मग रिकामं फडताळ बघितलं, मग माझ्याकडं.

"काव्या, अगं अमावस्या दरसाल एकाच तारखेला येती का गं?"

सगळी रांग हसली. काव्याचे कान माझ्या झाकणावरच्या कुंकवासारखे लाल झाले. मी लगेच माझं गोल चक्र फिरवायला लागलो. अडचणीत तेच बरं.

संध्याकाळी गुफरानभाई पोट धरून हसले. "अगे बेटा, हमारी ईद भी तो सरकती हर साल! अकरा दिन मागे. तू भी अकरा दिन काट, खतम!"

काव्यानं अकरा दिवस कापले. मी मागच्या वर्षांवर चालवून बघितलं. दोन वर्षं जमलं, तिसऱ्या वर्षी येळवस अचानक महिनाभर पुढं उडी मारून गेली. अधिक महिना! ईदेला तो नसतो, आम्हाला असतो.

"तो पंचांग कॉपी मार, पेस्ट कर," गुफरानभाई म्हणाले.

तिनं तेही केलं. तारखा बरोबर आल्या. पण पोरगी खूश होईना. मग स्वतःच रद्दीला काढलेल्या गठ्ठ्यातून तिनं एम-थ्रीचं पुस्तक ओढून काढलं. त्यात त्याच लाटा होत्या, शेजारी तिनंच काढलेल्या सरांच्या मिशा.

इकडं जानेवारीत गड्डा भरला. होम मैदानावर झुलतेपाळणे लागले आणि माझी भाकणूक एक भाकरी इकडं की तिकडं, इतकी अचूक निघाली. दुकान दुमदुमलं. अप्पांचा तर नूरच पालटला.

"काव्या, कॉलेज-बिलेज सोड! साकु, बास झालं! तू आन हे वासरू, दोघं बसा हितं. टेंभुर्णीला दुसरं दुकान टाकू."

आता बघा गंमत. डिग्री डिग्री करणारा बाप म्हणतो सोड, आणि सोडायला निघालेली पोरगी म्हणते काय?

"अप्पा, मला नाव घालायचंय. परीक्षेला."

"आँ? आता कशाला? बरोबर आलं की सगळं!"

"गड्डा संक्रांतीला येतो, अप्पा. संक्रांत सूर्याची, ती इंग्रजी तारखेला धरून चालती. म्हणून बरोबर आलं. येळवस चंद्राची, आन चंद्राची चाल म्हंजे सरांच्या त्याच लाटा, एकीवर एक. ते मला यीत न्हाई, मी नुसतं उतरून काढलंय. असंच न कळता पाठ करून तर नापास झाले होते. आता त्या लाटा निम्म्या कळाय लागल्यात. लई भारी हाय हो ते! निम्म्यासाठी कुणाला तरी विचाराय पायजे."

"व्हिडिओला विचार की."

"व्हिडिओ माझं तोंड बघून थांबत न्हाई. सर थांबायचे. मीच बघत नव्हते."

गुफरानभाई चटणी चाटायचे थांबले. "अप्पा, सच बोलू? बिघडेली चीज मैं दुरुस्त करता. कायकू बिघडी, ऐसा कोई पूछा तो मेरेकू पसीना आता. जाने दो उसकू."

"तू गप रे, काल उलटं सांगत होतास!" अप्पा गरजले. "माझं मत न्हाई." आणि पाठ फिरवून चटणी भरायला बसले. इतके रागात, की तिखटाची चटणी गोडाच्या बरणीत गेली.

नाव घालायचा शेवटचा दिवस उजाडला. काव्या दुपारपर्यंत बापाच्या पाठीकडं बघत राहिली. शेवटी चार वाजता तिनं मला उघडलं. मोबाईलवर कॉलेजचं पान उघडत नव्हतं, आता सगळी भिस्त माझ्यावर. तिनं नाव लिहिलं, विषय लिहिले, बोट शेवटच्या बटणावर नेलं. आणि मी पडदा निळा करून जाहीर केलं, "अपडेट चालू आहे. कृपया यंत्र बंद करू नका."

मुद्दाम केलं का? ते मी सांगणार नाही. चक्र तेवढं झकास फिरवलं.

"अव्वा!" काव्याच्या तोंडून एवढंच निघालं. डोळे भरले. अव्वा धावली, गुफरानभाई पळत आले आणि लांबूनच ओरडले, "इसकू हात नक्को लगाओ!"

अप्पांनी मान वळवली. आधी मला बघितलं, मग पोरीला. हातातला चटणीचा डाव खाली आपटला.

"अरे मेल्या यंत्रा, माझ्या पोरीचं वर्ष खातोस व्हय!"

घटकाभरापूर्वी तेच वर्ष आपण स्वतः खात होतो, हे माणूस साफ विसरला! मी आतल्या आत इतका हसलो, की पंखा जोरात सुटला.

"ऑफिस कवा बंद हुतंय?"

"पाचला."

"मग बघतीस काय? बस स्कूटीवर!"

आणि अप्पा चटणीच्या हातानं, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक अव्वाची घालून सुटले. शुक्रवार पेठेच्या बोळातून हॉर्न ऐकू येत होता, मग तोही लांब गेला. इकडं अव्वानं माझ्यापुढं हात जोडले. इतकं अवघडल्यासारखं मला जन्मात झालं नव्हतं.

परत आले तेव्हा नाव लागलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी कागदावर चटणीचे ठसे बघून फक्त एवढंच विचारलं, "दुकान कुठं आहे तुमचं?" आता दर आठवड्याला पावशेर नेतात.

उन्हाळ्यात काव्याचा एम-थ्री सुटला, सोबतचे दोन विषयही. काठावर नाही, दणक्यात. पुन्हा कॉलेजात जाते, पहिल्या बाकावर बसते, सरांना इतके प्रश्न विचारते, की म्हणे आता सरच पाणी मागतात. अमावस्येचा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला, बाहेरून एकही तारीख न उतरवता, आणि तो माझ्या पोटात ठेवून गेली.

आणि मी? मी गल्ल्यावर. माझ्यावर आता नवा विद्यार्थी बसतो, वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की ईश्वरप्पा चोरून "संगणक शिका" असा व्हिडिओ लावतात. आवाज इतका मोठा ठेवतात, की शेजारचा शिंपीही आता निम्मा शिकलाय. कॉलेज नाही, सर नाही, एका बोटावर सगळा कारभार. तुम्हा सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. कुणीतरी अप्पांना सांगा हो, बटण दाबण्याआधी नोटा मोजल्यासारखं बोट जिभेला लावायची गरज नसते.

काल त्यांनी असंच ओलं बोट टेकवून मला विचारलं, "काय वासरा, औंदा येळवस कवा हाय रं?" आणि भिंतीवरच्या पंचांगाकडं तिरकं बघत, माझी परीक्षा घ्यायला सरसावून बसले.

मी लगेच सांगितलं नाही. चक्र फिरवलं. अप्पा श्वास रोखून बसले, अव्वाही लाटणं हातात घेऊन दारात येऊन थांबली.

आत काही चालू नव्हतं. उत्तर मला केव्हाच ठाऊक होतं.