दोन्ही हात वर

"गाणं नाही, घुंगरू नाही, याले का नाच म्हणतेत?" नातीच्या नृत्यवर्गात बसलेले तुळशीराम कुरकुरले. रेल्वे यार्डात हाताच्या इशाऱ्यावर डबे हलवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

नाच शिकवणाऱ्या दीदीनं पोरांना घरच्या कोणाच्या तरी कामावर नाच बसवायला सांगितला होता. त्यांची नात अपर्णा पुढे आली आणि तिच्या इशाऱ्यावर पोरं डब्यांसारखी सरकू लागली. थांबवायला तिनं एकच हात वर केला.

तुळशीराम ताडकन उठले. "दोन्ही हात वर कर, पोट्टी! नाही त ठोकशीन गाडी!"

तिनं केले. सगळी रांग जागीच थांबली आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

तुळशीरामांनी दीदीला हात जोडले. पस्तीस वर्षं याच हातांनी गाड्या थांबवल्या होत्या. त्यांच्यासाठी टाळ्या मात्र आज पहिल्यांदा पडल्या.