मी खरं तेच सांगतो: सामू मोजणारा पेन

मी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मोजणारा पेन बोलतोय. दिसायला पेनासारखा, पण अक्षर एकही लिहीत नाही. माझं टोक पाण्यात बुडवा, ते पाणी कसं आहे ते आकड्यात सांगतो. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर क्षारीय.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सारिकाने मला चिखलीच्या दुकानातून जानेफळला आणलं तेव्हा. तिने पहिल्यांदाच मिरचीच्या रोपांची नर्सरी टाकली होती. बुकिंगही झालं होतं, पण रोपांची कोवळी पानं पिवळी पडत चालली होती. ही रोपं गेली असती तर पुन्हा तिच्या दारात कोणी गिऱ्हाईक आलं नसतं.

दोष बोअरच्या पाण्याचा होता. त्यात क्षारता फार, त्यामुळे खतातलं लोह रोपांना घेताच येईना. मग सारिका आणि तिचा नवरा प्रसेनजित रोज संध्याकाळी ड्रममधल्या पाण्यात मापाने ॲसिड टाकू लागले. ढवळून मला बुडवलं की मी हवा तो सहाचा आकडा दाखवायचो. क्षारता हट्टी असते, रात्रीतून आकडा थोडा चढतो, हे सारिकाला ठाऊक होतं. पण सकाळी मी थेट आठाजवळ!

"हे पेन खोटं बोलून राह्यलं," प्रसेनजित म्हणाला. "दे वापस."

मला भयंकर राग आला. माणसांना नावडता आकडा दिसला की ती आकडा सांगणाऱ्यालाच नावं ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सारिका फटफटतानाच शेडमध्ये गेली. ड्रमजवळ तिच्या सासूबाई जनकाबाई उभ्या होत्या, हातात खायच्या सोड्याची पुडी.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?"

"पाणी जड हाय म्हंता ना तुमी? जड पाण्यात डाळ शिजत नाही, तं आपुन सोडा टाकतो. म्हटलं, रोपाइलेबी बरं वाटंल. रोज टाकतो मूठभर."

सारिका ओरडली नाही. तिने दोन पेले बोअरच्या पाण्याने भरले, दोन्हीत ॲसिडचे थेंब टाकले आणि एकातच सोडा घातला. मला सासूच्या हातात दिलं. सोड्याच्या पेल्यात माझा आकडा सरसर चढला. जनकाबाईंनी सोड्याची पुडी खाली ठेवली.

"म्हंजे म्याच मारून राह्यली व्हती का त्याइले?"

"पिवळी तं ते आधीच पडली होती. तुमाले काळजी होती म्हणूनच टाकला ना? आता पाणी तुमीच मोजत जा."

मला त्या म्हातारीची फार दया आली, आणि सारिकाचा अभिमान वाटला.

सोडा थांबला. कडेचे काही ट्रे गेलेच, पण बाकीच्या रोपांना हिरवीगार पानं फुटली. आता मी जनकाबाईंच्या कमरेच्या पिशवीत असतो. माझं एकच मागणं आहे: मला पुसून कोरडा ठेवू नका, टोपणात ओलावा राहू द्या. कोरडा पडलो, तर मात्र माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

काल धामणगाव बढ्याहून रोपं न्यायला जीप आली. रोपं निरखत शेतकऱ्याने विचारलं, "पाण्याचं कोण पाह्यते?"

"मी पाह्यतो," जनकाबाई पुढे होऊन म्हणाल्या. "अन् तुमच्या विहिरीचं पाणी आणलं नाही काऊन? आता तेच पाणी पेतीन ना हे रोपं. जा, बाटलीभर घेऊन या. मोजल्याबिगर रोपं हलणार नाहीत."