मानेनं दिलेला होकार

उखाने बत्तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात चार लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. गेल्या दिवाळीत तो बंद पडला, यंत्रं भंगारात गेली; पण उखाच्या डोक्यातले चारही लूम काही थांबले नाहीत. त्यांना वीज लागत नव्हती आणि रविवारची सुट्टीही नको होती. बायको शोभाबाई म्हणायची, सवय आहे, जाईल. नवागाम वस्तीतल्या त्यांच्या खोलीत आलेल्या पाहुण्यांबद्दलही ती असंच म्हणायची, आणि पाहुणे महिनाभर राहायचे.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकू निम्मंच येतंय. मग त्यांनी विचारलं, कानात आवाज होतात का?

"साहेब, आवाज व्हायचा म्हणून तर पगार मिळायचा," उखा म्हणाला.

डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. उखाने कागद देवाच्या फोटोमागे ठेवला. जे देवालाही जमणार नव्हतं, ते सगळं त्या घरात तिथेच ठेवलं जायचं.

मुलगा योगेंद्र पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता. तो रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली 'स्वतःची काळजी घ्या, मन प्रसन्न ठेवा' असा मेसेज पाठवायचा. उखा फूल मोठं करून बघायचा. शेजारच्या पुष्पाबाईंनी त्याची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी त्यांचंच डोकं दुखायला लागलं, तेव्हा उखाने त्यांना गोळी नेऊन दिली.

लूमच्या धडधडीत कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ वाचायचे आणि मान हलवायची. समजलं, बघू, चहाच्या सुट्टीत बोलू, हे सगळं त्या मानेत बसतं. उखाने या मानेवर दोन लग्नं जमवली होती आणि निदान वीस भांडणं मिटवली होती.

शेजारच्या लूमवर लोटू होता. धुळ्याकडचा, एकटा राहणारा, उखाच्या डब्यातली भाकरी न विचारता उचलणारा. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तो उखाजवळ आला, काहीतरी बोलला. उखाने मान हलवली. तेवढ्यात त्याच्या तिसऱ्या लूमवर धागा तुटला आणि उखा गाठ मारायला वळला. दुसऱ्या दिवशी लोटू कामावर आला नाही. संध्याकाळी त्याच्या खोलीचं दार तोडावं लागलं. त्याने स्वतःला संपवलं होतं.

सगळे म्हणाले, त्या आवाजात तुला काय ऐकू येणार, उखा? पोलिसांनीही तेच विचारलं. शोभाबाई तर ज्याला त्याला सांगत फिरली. उखाने प्रत्येक वेळी मान हलवली.

कारखाना बंद झाल्यावर लोटू परत आला. आधी टीव्हीत आला. कमी ऐकू यायचं म्हणून उखा आवाज बंद करूनच बातम्या बघायचा. बातम्या देणारी बाई कांद्याबद्दल सांगत होती, आणि मध्येच तिच्या ओठांवर लोटूचं वाक्य आलं. उखाने टीव्हीवर टॉवेल टाकला. मग ते वाक्य रिक्षावाल्याच्या ओठांवर आलं, समोरच्या गॅलरीत फोनवर बोलणाऱ्या पोरीच्या ओठांवर आलं. टॉवेल एकच होता. उखा खाली बघून चालायला लागला. लोक म्हणाले, म्हातारा नम्र झाला.

एका मंगळवारी सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता. साबणाच्या फेसात त्याचे स्वतःचेच ओठ हलले. तेच वाक्य. फक्त या वेळी ते लोटूचं नव्हतं.

उखाने वस्तरा धुतला, पुसला आणि उंच फळीवर ठेवला. मग तो बाहेरच्या खोलीत गेला. शोभाबाई साड्यांचे सुटलेले धागे कापत बसली होती. तो तिच्यासमोर बसला. तोंडावर अजून फेस होता. लूमवर बोलायचा तसा तो नुसते ओठ हलवून बोलला. इतकी वर्षं अर्ध्या बहिऱ्याशी संसार केल्यावर शोभाबाईलाही ओठ वाचता येत होते.

लोटू काय बोलला, ते मला तेव्हाच समजलं होतं, असं तो म्हणाला. सगळं समजलं होतं. लोटू गावच्या बोलीत म्हणाला होता, "उखाभाऊ, घर एकला जावाले भ्याव वाटस." एकट्याने घरी जायची भीती वाटते, एवढंच.

शोभाबाईच्या हातातली कात्री थांबली.

"आते माले बी वाटस," उखाचे ओठ म्हणाले. "घरमा एकला ऱ्हावानं."

शोभाबाईने मान हलवली नाही. तिने पदराने त्याच्या तोंडावरचा फेस पुसला. "समजनं माले," ती मोठ्याने म्हणाली. मग उठून तिने देवाच्या फोटोमागचा कागद काढला आणि योगेंद्रला फोन लावून सांगितलं, फूल पाठवू नको, तूच ये.

दुपारी ते तिघे मनाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होत्या, बाहेर चाळीस माणसं बसली होती. उखाने त्यांना लोटूचं सांगितलं. ओठांचं सांगितलं. वस्तरा कुठे ठेवला, तेही सांगितलं. डॉक्टर लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता मान हलवत होत्या.

उखा थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "मान नका हलवू. तोंडानं बोला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.