वाकडं अंगण

चित्रकर्तीने पडद्यावरच्या कारंज्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "हे पाणी उलटं पडतंय."

ॲनिमेटरने खिशातून फडकं काढलं आणि आधी काचेवरचा निळा डाग पुसला. चित्रकर्तीच्या बोटांना कायम कुठला ना कुठला रंग लागलेला असे, आणि महिनाभर तिच्याबरोबर काम करून ॲनिमेटरला या पुसापुशीची सवय झाली होती. ॲनिमेटर म्हणजे तिशी ओलांडलेली, कामापुरतं बोलणारी बाई. पाणी मी पाडलेलंच नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. घर केवढं आहे, ते किती वेगाने फिरतं आणि कारंजं किती जोराने उडतं, एवढंच तिने कॉम्प्युटरला दिलं होतं. पुढचं सगळं त्याचं त्याने केलं होतं.

मूळ चित्र त्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, पुरुषभर उंचीचं. एक प्रचंड चाक, आणि त्या चाकाच्या आतल्या कडेवर वसलेलं घर. पाण्याने भरलेली बादली गरगर फिरवली की पाणी तळाला चिकटून राहतं, तशी या घरातली माणसं कडेला पाय टेकवून सुखाने नांदत होती. मान वर केली की समोरच्या बिऱ्हाडाचं अंगण डोक्यावर उलटं दिसायचं. अलीकडच्या अंगणात कारंजं होतं. धावत्या गाडीमागे धूळ रेंगाळते तशी त्याच्या पाण्याची छत्री जराशी मागे झुकून पुन्हा आपल्या कुंडात पडत होती.

पडद्यावर तेच पाणी पुढे झुकत होतं.

"चाक उलटं फिरवलं असशील," चित्रकर्ती म्हणाली.

"तीनदा तपासलं, मॅडम."

नाचता येईना अंगण वाकडं, असं चित्रकर्तीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या घराचं अंगण खरोखरच वाकडं होतं, त्यामुळे म्हण फुकट गेली आणि तिला स्वतःलाच हसू आलं. हसायला वेळ मात्र नव्हता. प्रदर्शन चार दिवसांवर होतं. अकरा चित्रं, आणि प्रत्येक चित्राशेजारी एक पडदा, ज्यावर तेच चित्र हलताना दिसणार होतं. दालनाच्या पहिल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तिचं वाक्य आधीच रंगवून झालं होतं: कल्पना माझी, आकडे निसर्गाचे.

ते वाक्य तिने शोभेसाठी लिहिलेलं नव्हतं. मनातली जगं रंगवणारे पुष्कळ असतात, त्यांना अडवणारं कोणी नसतं, असं तिचं मत होतं. ती प्रत्येक चित्रात एकच गोष्ट मनाने ठरवायची. घर चाकात असलं तर? उजेड माणसाच्या चालीने चालला तर? त्यापुढे मात्र स्वतःची मर्जी चालवायची नाही, जे होईल ते मुकाट्याने रंगवायचं. काय होईल ते सांगायचा तिचा धाकटा भाऊ. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. सहा वर्षांचा असताना त्याने पाहुण्यांची बेरीज सुधारली होती, तेव्हापासून घरात त्याचं नाव मास्तर पडलं होतं. ती पाकिटात पेन्सिलचं स्केच आणि प्रश्न घालून पाठवायची. आठ-दहा दिवसांनी त्याच पाकिटातून स्केच परत यायचं आणि सोबत आकड्यांचा तक्ता यायचा, तोही स्केचच्याच मापात: अमुक उंचीवर धार इतकी डावीकडे, त्याच्या वर इतकी. मग ती ते बिंदू कॅनव्हासवर मोठे करून घ्यायची आणि रंगवायला बसायची. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत तिचा अंदाज जवळजवळ प्रत्येक वेळी खरा ठरला होता. मुलाखतीत ती अभिमानाने सांगायची की माझ्या हाताला पदार्थविज्ञान आधीच कळतं.

त्यामुळे तिने ॲनिमेटरला सांगितलं की कॉम्प्युटरच्या नादी लागू नकोस, मास्तरांचा तक्ता घे आणि त्याप्रमाणे पाणी पाड. ॲनिमेटरने आकडे भरले. पाणी चित्रातल्यासारखं मागे झुकलं आणि चित्रकर्तीचा जीव भांड्यात पडला. ॲनिमेटरने मात्र एक धार मोठी करून घेतली, मग दुसरी, मग तिसरी.

"इथे पाणी अडखळतंय," ती म्हणाली.

खरंच, धार नीट वर जात होती आणि मध्येच केसभर बाजूला सरकून पुढे निघत होती. चित्रकर्ती म्हणाली की लिहिण्यात चूक झाली असेल, रंगवताना मी ते ब्रशच्या ओघात सरळ केलं असणार.

"सातही धारांत? एकाच उंचीवर?"

हवेत अडखळण्यासारखं काय होतं?

घरी येऊन तिने जुन्या स्केचांचं कपाट उपसलं. कारंज्याचं स्केच तळाशी सापडलं. हाताशी येईल त्या कागदावर ती काढत असे, आणि हा कागद काढण्याआधीच कधीतरी मधोमध दुमडलेला होता. घडीच्या उंचवट्यावर पेन्सिल अडखळली होती. सात धारा, सात अडखळी. तिने कुंडाच्या काठापासून पट्टी लावली. घडी चौदा सेंटिमीटरवर होती. तक्त्यातली अडखळही चौदावर होती.

मग तिने एकेक आकडा पट्टीने पडताळून पाहिला. पहिली धार, दुसरी, सातवी. सगळे मिलिमीटरपर्यंत जुळले. हिशोब बरोबर आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला तो तसा नको होता. निसर्गाला तिच्या कागदाची घडी ठाऊक असायचं कारण नव्हतं. कोणीतरी या कागदावर पट्टी ठेवून तिचीच रेघ मोजली होती आणि ती निसर्गाची म्हणून तिला परत पाठवली होती.

आधी तिला राग आला नाही, लाज वाटली. मुलाखतीतलं ते वाक्य आठवून कान तापले. राग मागून आला. परक्याने फसवलं असतं तर चार माणसांत बोंब तरी मारता आली असती. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि केसाने गळा कापणारा असा की ज्याला तिने बोट धरून शाळेत सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या कॉलेजात गेली. मास्तर आपल्या खोलीत पेपर तपासत होता. बहिणीला पाहून तो हसला आणि त्याने समोरच्या खुर्चीवरची पुस्तकं उचलली. ती बसली नाही. तिने स्केच त्याच्यापुढे घडी उलगडून ठेवलं आणि शेजारी तक्ता ठेवला. मास्तरने दोन्हींकडे पाहिलं, चष्मा काढला आणि तो पुसत बसला.

"कोणी दाखवलं?" त्याने विचारलं.

चूक झाली असेल, तक्ते बदलले असतील, असलं काहीतरी तो म्हणेल अशी आशा तिने जिन्यापर्यंत जपली होती. ती त्या प्रश्नासरशी संपली.

मग त्याने सगळं सांगितलं, आणि लपवायचं ओझं उतरल्यामुळे जरा भरभरच सांगितलं. पहिली दोन चित्रं त्याने खरोखर सोडवली होती. दुसरं चित्र पक्ष्यांचं होतं, मधाइतक्या घट्ट हवेत उडणाऱ्या. तिने थवा काढून पाठवला होता आणि त्याने खरं ते कळवलं होतं की यातला एकही पक्षी पंख हलवू शकणार नाही. ती त्याप्रमाणे रंगवून मोकळी झाली, पण नंतर सात महिने तिने ब्रश हातात धरला नाही. आईने मास्तरला बाजूला घेऊन सांगितलं की तिला जरा सांभाळून घे. तिसऱ्या चित्रापासून तो स्केचवर पट्टी ठेवू लागला. लगेच पाठवलं तर संशय येईल म्हणून आठ-दहा दिवस थांबायचा.

"तुझं काम चालू राहावं म्हणून केलं, ताई," तो म्हणाला. "आणि शेवटी चित्रच तर आहे. कोण मोजायला बसलंय?"

"मी बसले होते."

मास्तरने तोडगा सुचवला. भिंतीवरचं तेवढं वाक्य काढून टाकावं, पडदे चित्राप्रमाणेच हलवावेत, झाकली मूठ सव्वा लाखाची. चित्रं सुंदर आहेत, ती काही आकड्यांमुळे सुंदर नाहीत. हे तो मनापासून म्हणत होता, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिने स्केच घडीवरच दुमडून पिशवीत टाकलं आणि ती निघाली.

दालनात आल्यावर तिने ॲनिमेटरला तक्ता पुसून टाकायला सांगितलं. कॉम्प्युटर जे म्हणत होता ते दाखव, सगळ्या धारा, शेवटपर्यंत. काल तिने पहिली धार पुढे झुकताच थांबवलं होतं, पुढचं पाहिलंच नव्हतं.

ॲनिमेटरने पाणी सोडलं. कडेचा वेग घेऊन निघालेलं पाणी वर जाताच घरापेक्षा पुढे धावू लागलं. मंद धारा पुढे कलून कुंडाबाहेरच्या पायरीवर पडल्या. जोराच्या धारा खाली यायलाच तयार नव्हत्या. त्या चढत गेल्या, चाकाच्या मध्याजवळून निसटल्या आणि पलीकडे, डोक्यावरच्या त्या उलट्या अंगणात, कोणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांवर पाऊस होऊन कोसळल्या. थोड्या वेळाने तिकडच्या कारंज्याचं पाणी इकडे येऊ लागलं. या घरात जोराचं पाणी ज्याचं त्याच्या अंगणात पडतच नव्हतं.

चित्रकर्ती जमिनीवर बसली. सात जन्म घेतले असते तरी हे तिला सुचलं नसतं. तिची चित्रं चुकली याचं दुःख तिला त्या क्षणी वाटलंच नाही. इतकी वर्षं ती कोणाला तरी हाक मारत होती आणि आपलाच आवाज ऐकून खूश होत होती, आणि उत्तर देणारं तर इथे केव्हाचं तयार बसलं होतं. अशी नऊ उत्तरं तिच्यापर्यंत पोचू दिली गेली नव्हती. ती रडली, आणि ॲनिमेटरने या वेळी फडकं पडद्यासाठी न वापरता तिला दिलं.

उरलेल्या तीन दिवसांत दोघींनी नऊही पडदे नव्याने केले. चित्रं होती तशीच टांगली, शेजारी खरं काय झालं असतं ते हलत राहिलं. पहिल्या भिंतीवरचं वाक्य तिने पांढऱ्या रंगाने झाकायला लावलं. आयोजक कुरकुरले, पण तिने काही स्पष्टीकरण दिलं नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मास्तर आला. इस्त्रीचा शर्ट घालून, बहिणीपासून हातभर अंतर ठेवत तो सगळं दालन फिरला आणि कारंज्याच्या पडद्यापाशी थांबला. तिथून तो हलेना. पाणी कपड्यांवर कोसळलं तेव्हा तो एकटाच मोठ्याने हसला, आणि लहानपणी हसायचा तसाच हसला. चित्रकर्ती नकळत त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"वाक्य काढलंस ते फार बरं केलंस," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "बघ, आकडे सोडून दिल्यावर कशी मोकळी सुटलीस. हे तुझं सगळ्यात भारी काम आहे, ताई. आपलं पाणी समोरच्याच्या अंगणात. कसं सुचलं तुला?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"मला नाही सुचलेलं," ती म्हणाली. "हे तू मला सांगायचं होतंस."

मास्तरचं हसू ओसरलं. त्याने चष्मा सारखा केला, पुन्हा पडद्याकडे वळला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजू लागला.