भिंतीचं तोंड

“बाई, भिंतीले तोंड राहून गेलं,” रुपराव मिस्त्री थापीनं दाखवत म्हणाला. “आधी इटाचे तुकडे अन् सिमेंट ठासून भरतो. दोन दिवस सुकू द्या. मंग फरशी.”

सक्करदऱ्यातल्या त्या घरात शेणानं सारवलेली जमीन खणून शहाबादी फरशी बसवणं चाललं होतं. खणताना देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीखालची माती ढासळली आणि दोन बोटं जातील एवढी आरपार फट पडली. पण गोपिकेच्या तान्ह्या लेकीचं बारसं रविवारी, कुहीचे पाहुणे येणार.

“बारसं काय चिखलात करू? टाका फरशी. पुढं चौरंग ठेवला की फट दिसणारही नाही,” ती म्हणाली. बी.एस्सी. झालेल्या बाईनं मिस्त्र्याचं म्हणणं असं उडवून लावलं.

बारसं थाटात झालं. मग एक नवल सुरू झालं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, की देवघरात चौरंगावरच्या निरांजनाची ज्योत वाकायची. गोपिकेला कारण ठाऊक होतं. सासूबाईंना, पार्वतीबाईंना, मात्र मिस्त्र्याचा शब्द आठवला. “तो म्हणत होता ना, भिंतीले तोंड हाय! माय बोलून राहिली वं!” नळावर ही बातमी गेली ती परत आलीच नाही.

गुरुवारी कामठीकडचा एक ज्योतीबाबा दाखल झाला. मग दर गुरुवारी त्याचा चेला चंपतराव स्वयंपाकघरात दार लावून ‘जपाला’ बसे. इकडे देवघरात पाय ठेवायला जागा नसे.

“एक सवाल पूछो, मन साफ रखो, नारळ मोठा आणो!” बाबा गर्जे. “माई मान हलवील तं हो समजा!”

“जावई नांदवंल काय, माय?” ज्योत वाके. “हलली, हलली!”

बायका गोपिकेकडे वळून म्हणत, “सुनेचा पायगुण!” जिनं कधी चहाचंही कौतुक केलं नव्हतं, त्या सासूनं तिला नवं लुगडं घेतलं. गोपिका गप्प राहिली. खरं बोलायचं तर मिस्त्र्याचं ऐकलं नाही, हे आधी कबूल करावं लागणार होतं.

मग एका गुरुवारी शेजारची भागीरथा आली. नवरा मागावर कापड विणणारा, आठ वर्षांच्या इंदूला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून वर्षभर एकही आली नव्हती.

“माय, पोरीच्या गोळ्या बंद करू काय?”

ज्योत वाकली.

दारात लेकीला खांद्यावर घेऊन उभी असलेली गोपिका एक पाऊल पुढं आली. मग लेकीला थोपटत मागं फिरली.

भागीरथेनं गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी फिट आली आणि इंदू पेटत्या शेगडीवर पडली. डावा हात कोपरापर्यंत भाजला. “या गोळ्या अशा एकदम तोडतात का, बाई? कोणी सांगितलं?” डॉक्टर ओरडले. भागीरथा म्हणाली, “माईनं.”

पुढच्या गुरुवारी गोपिकेनं पहाटेच चुलीतली राख देवघराच्या बाजूनं फटीत भरली. चेल्याला आतून लावता येऊ नये म्हणून मधल्या दाराची कडीही उपसून ठेवली.

संध्याकाळी भागीरथा दवाखान्यातून तशीच आली. “पोरीचा हात वाचंल काय, माय?”

फुस्स! राखेचा लोट उठला आणि बाबाच्या दाढीत शिरला.

“विभूती! विभूती!” लोक फरशीवर पालथे पडले.

“परसाद हाय... आक् छी! ... कपाळाले लावा... आक् छी!” बाबा शिंकतच सांगू लागला.

गोपिकेनं दार ढकललं. चंपतराव पालथा पडलेला, गाल फुगलेले, तोंडात चुलीची फुंकणी, तिचं दुसरं टोक फटीत.

“जप करून राहिलो,” तो फुंकणीतूनच म्हणाला.

“पोटावर?” पार्वतीबाईंनी विचारलं.

गोपिकेनं फुंकणी हिसकावली, पदरानं पुसली आणि स्वतः फुंकली. ज्योत वाकली. पुन्हा फुंकली, पुन्हा वाकली.

“पाहिलंत, आई? ही देवी नाही, भिंतीखालची फट आहे. मिस्त्री बुजवा म्हणत होता, मीच नको म्हटलं.”

गलका झाला. बाबा चपला टाकून पळाला, चेला त्याच्या मागं. भागीरथा मात्र जागची हलली नाही.

“तुले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?”

“हो.”

“मंग बोलली काहून नाही वं? माह्या पोरीच्या हातापरीस तुह्या फरशीची लाज मोठी होती काय?”

गोपिकेनं फुंकणी खाली ठेवली आणि रुपरावला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी रुपरावनं फट ठासून भरली. इंदूच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हात राहिला, पण तीन बोटं मिटत नाहीत. गोपिका दर महिन्याला तिला दवाखान्यात नेते. भागीरथा सोबत येते, पण दोन पावलं मागून चालते.

वाचकहो, ज्योत वाकली तर हात जोडण्याआधी वारा कुठून येतो ते पाहा. ठाऊक असेल तर चारचौघांत सांगा, मान खाली गेली तरी सांगा. आणि गोपिकेची एक विनवणी आहे. तुमच्या आळीत फिटचं किंवा क्षयाचं एखादं लेकरू असेल, तर उद्यावर टाकू नका. आत्ताच त्याच्या घरी जा. त्याच्या आईला विचारा, “गोळ्या चालू आहेत ना, बाई?” आणि ती हो म्हणाली, तरी पुडी दाखवायला सांगा.