ढाण्याच्या डोक्यावरची फळी

बाभळीचं लाकूड बोलायला लागलं तर खरखरीतच बोलणार, हे आधीच सांगून ठेवते. मी एक फळी. सध्या महिपतीच्या मालमोटारीच्या हौद्यात आडवी बसवलेली आहे. पण माझा जन्म काही मोटारीसाठी झाला नव्हता. होटगीच्या शिवशरण सुताराने मला घडवलं ते महिपतीच्या बैलगाडीसाठी, माल लादायच्या साट्यात बसवायला.

माझ्यावर वांगी बसली, कांदे बसले. महिपतीची बायको सोजरबाई लग्न होऊन आली, तीही माझ्यावरच बसून. आणि माझ्याखाली चालायचा ढाण्या. निंगव्वा धनगरणीने सोजरबाईला दिलेलं हे कुत्र्याचं पिल्लू बघता बघता वासराएवढं झालं. गाडी सोलापूरच्या बाजाराला निघाली की हा दोन चाकांच्या मधोमध, माझ्या सावलीत. गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतो, असं लोक हसून म्हणतात. म्हणोत बापडे! चढ आला की ढाण्या खरोखरच मान खाली घालून जोर लावायचा. मी पाहिलंय.

मग महिपतीच्या डोक्यात मोटारीचं वारं शिरलं. बैल विकले, जुनी मालमोटार आणली आणि आमची गाडी गोठ्यामागे टाकून दिली. कोंबड्या माझ्यावर बसून वाटेल ते करायच्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

गाडी बदलली, हे ढाण्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मोटार अंगणात उभी राहिली की तो तिच्याखाली शिरायचा आणि निघायची वाट बघायचा. एका सकाळी महिपतीने हँडल मारलं, आत बसला, मोटार हलली आणि सोजरबाई किंचाळली, "अवो थांबा! ढाण्या खाली हाय!"

मागच्या पायाची कातडी सोलून चाक पुढे गेलं. महिपती उडी मारून खाली धावला, पण तोंडाने तो चिडलाच. "आज वाचलं. उद्या माझ्याच हातनं मरंल की! निंगव्वाला परत देऊन टाक."

"म्हातारपणी दारातनं हाकलायचं व्हय त्याला?" सोजरबाईचे डोळे भरून आले. "येत्या बाजारापत्तुर दम धरा. मोटारीतच जागा करते."

"मोटारीत? कुत्र्याला?" महिपती म्हणाला. पण नको म्हणाला नाही.

हौद्याचा पत्रा उन्हात तव्यासारखा तापायचा आणि कुत्र्याची नखं त्यावरून घसरायची. म्हणून सोजरबाईने शिवशरणला बोलावलं. त्याने साटा मोडून आम्हा फळ्यांना पत्र्यावर अंथरलं. वर जाड घोंगडं ठोकलं. ढाण्याचा पाय अधू, म्हणून चढायला पट्ट्या मारलेली एक उतरण केली. मला तर बाई फार अभिमान वाटला!

बाजारादिवशी निंगव्वाही दोरी घेऊन हजर झाली. जमलं तर ठीक, नाहीतर कुत्रं घेऊन जायचं, असं ठरलं होतं. ढाण्या अर्ध्यापर्यंत चढला. इकडेतिकडे बघितलं. मग वळला, खाली उतरला आणि सरळ मोटारीखाली जाऊन उभा राहिला.

महिपतीने कपाळावर हात मारला. "घोंगडं हातरलं, उतरण केली, आता काय पालखी आणू?"

निंगव्वा दोरी घेऊन पुढे झाली. तेवढ्यात सोजरबाई खाली वाकून मोटारीखाली बघत राहिली. मग एकदम उठली.

"अवो, ह्यो गाडीवर कवा बसलाय? ह्याला वर न्हाय बसायचं. ह्याला खाली चालायचं हाय! फळी उचला, वर घ्या!"

शिवशरणने हौद्यात चार खांब उभे केले आणि त्यांवर मला ठोकलं. बैलगाडीत होते तेवढ्याच उंचीवर. वर वांग्यांच्या पाट्या, खाली मोकळी जागा. ढाण्या उतरणीवरून हळूहळू चढला, माझ्याखाली आला, नाक वर करून त्याने मला हुंगलं आणि तोंड पुढे करून उभा राहिला. मी लाकूड असून शहारले.

निंगव्वाने दोरी गुंडाळली. "यप्पा! निघा की आता. त्यो जुपलाय."

चढावर मोटार कण्हू लागली तशी ढाण्याने मान खाली घातली. माथ्यावर पोचल्यावर महिपती मागे वळून ओरडला, "शाब्बास गड्या!"

पुढे दोन-तीन वर्षं आम्ही दोघांनी ती मोटार ओढली. ढाण्या गेल्या थंडीत सोजरबाईच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. तेव्हापासून महिपती माझ्या वर कितीही पाट्या रचतो, खाली मात्र एकही ठेवत नाही. "खाली जागा हाय की," लोक म्हणतात. "ऱ्हाऊ द्या," एवढंच तो म्हणतो. चढ आला की अजून मागे वळून बघतो.

आता मी मधोमध तडकलेय. शिवशरणने काल अंगठा दाबून बघितला आणि मान हलवली. माझं काही म्हणणं नाही. खुशाल चुलीत घाला, बाभळीचा जाळ चांगला लागतो. सोजरबाईच्या भाकरी तेवढ्या माझ्यावर भाजा. फक्त एक विनवणी. निंगव्वाची कुत्री व्यालीय आणि सोजरबाई रोज तिकडे चकरा मारतेय. नवी फळी बसवाल ती माझ्याच उंचीवर बसवा. पिल्लू आज ओंजळीत मावतंय, म्हणून फसू नका.